अणुवीज केंद्राच्या पीएसएत माणसाची चूक कशी धरावी

संभाव्यतेवर आधारलेल्या सुरक्षा विश्लेषणात, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या पीएसएत, पंपाचा आकडा काढणं तुलनेनं सोपं. किती वेळा सुरू करायला गेलो, किती वेळा सुरू झाला नाही, करा भागाकार. माणसाचं तसं नाही. बरीच वर्षं मी मानवी विश्वासार्हतेचं, म्हणजे एचआरएचं काम करते आहे आणि नव्यानं आलेल्या इंजिनिअरचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "मॅडम, या कृतीला कोणता आकडा घालू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आकडा सगळ्यात शेवटी. आधी ही कृती कोण करणार, कशावरून करणार, कुठं उभं राहून करणार आणि त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत त्याच्या मनानं काय धरलेलं असणार, हे एका पानावर लिही. ते पान जमलं की तक्ता उघडायचा.

हा लेख ते पान कसं लिहायचं आणि मग आकड्यापर्यंत कसं यायचं, याबद्दल आहे. फॉल्ट ट्री (बिघाडाची कारणं मांडणारं झाड), इव्हेंट ट्री (घटनेनंतरच्या वाटा मांडणारं झाड), कटसेट (मिळून अपघात घडवणाऱ्या बिघाडांचा संच) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरते.

चूक कधीची, ते आधी ठरवा

अपघाताच्या आधी झालेल्या चुका एका गटात. चाचणीनंतर व्हॉल्व्ह बंदच राहिला, उपकरणाचं कॅलिब्रेशन चुकीचं झालं, अशा. दुसऱ्या गटात ज्या चुकीमुळे घटनेलाच सुरुवात होते ती. हा गट पॉवर चालू असतानाच्या विश्लेषणात वेगळा मोजत बसू नका, ट्रिपच्या, म्हणजे अणुभट्टी अचानक बंद पडण्याच्या, आकडेवारीत तो आलेला असतो. शटडाउनच्या पीएसएत मात्र त्याला वेगळं बसवावं लागतं, कारण तिथं माणसांचे हात सतत यंत्रणेत असतात. तिसऱ्या गटात घटना सुरू झाल्यावर जे करायला हवं होतं ते न होणं किंवा वेळेत न होणं.

हे गट कागदी नाहीत. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये मुख्य फीडवॉटर, म्हणजे स्टीम जनरेटरना जाणारं पाणी, गेलं. आपत्कालीन फीड पंप सुरू झाले, पण त्यांच्या वाटेवरचे दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह बंद होते. दोन दिवसांपूर्वीच्या चाचणीनंतर ते उघडायचे राहिले होते असं मानलं जातं. एका व्हॉल्व्हच्या दिव्यावर मेंटेनन्सचा टॅग लटकत होता. हे लक्षात यायला आठ मिनिटं गेली. ही पहिल्या गटातली चूक. मग प्रेशरायझरचा, म्हणजे अणुभट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीचा, उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह. पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला का ते सांगत नव्हता, बंद होण्याचा सिग्नल गेला एवढंच सांगत होता. ऑपरेटरांनी प्रेशरायझरची पातळी चढलेली पाहून आपत्कालीन इंजेक्शन कमी केलं. ही तिसऱ्या गटातली. त्या व्हॉल्व्हची वाट बंद व्हायला सव्वादोन तासांहून जास्त वेळ गेला. एकाच पहाटे दोन्ही, आणि दोन्हींची कारणं वेगळी. म्हणून त्यांना शोधायची पद्धतही वेगळी.

आधीच्या चुका: कागद वाचा, मग जाऊन बघा

पहिल्या गटासाठी चाचणी आणि देखभालीच्या प्रोसिजर ओळीनं वाचा. कोणता व्हॉल्व्ह, ब्रेकर किंवा स्विच नेहमीच्या स्थितीतून हलवला जातो, एवढं टिपत जा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. गरज पडली तर तो आपोआप योग्य स्थितीत येतो का? त्याची खरी स्थिती कंट्रोल रूममध्ये दिसते का आणि दर शिफ्टला कुणी पाहतं का? काम झाल्यावर त्याच वाटेनं प्रवाह सोडून तपासतात का? यातल्या एकालाही ठाम "हो" असेल तर तो घटक बहुधा वगळता येतो. उरलेले मॉडेलमध्ये.

मग प्रत्यक्ष जागेवर जा. मी एकदा एक ड्रेन व्हॉल्व्ह पाहिला. प्रोसिजरमध्ये त्याच्यापुढे सहीचा चौकोन होता, दुसऱ्या माणसाच्या तपासणीचाही चौकोन होता, कागदावर सगळं उत्तम. पण व्हॉल्व्ह डोक्याच्या वर, इन्सुलेशनच्या मागे, आणि नंबरपट्टी भिंतीकडे तोंड करून. खाली उभं राहून तो उघडा की बंद ते कळायचा काहीच मार्ग नव्हता. तपासणारा वर चढत असेल का, की पहिल्याच्या सहीवर सही करत असेल? हा प्रश्न कागद वाचून पडत नाही.

आता आकडा. ॲलन स्वेन आणि गटमन यांनी सँडियात तयार केलेलं १९८३ चं थर्प हे हँडबुक अजूनही या गटासाठी उपयोगी आहे. टिकमार्कची यादी नीट वापरली जात असेल तर एखादी पायरी सुटण्याची संभाव्यता दहापर्यंत पायऱ्यांच्या यादीत ०.००१, त्याहून लांब यादीत ०.००३. यादीवर टिकच केली जात नसेल तर अनुक्रमे ०.००३ आणि ०.०१. तपासणारा माणूस ती चूक पकडणार नाही याची ०.१. वरच्या ड्रेन व्हॉल्व्हला मी ०.१ दिला नाही, तपासणीचं श्रेयच दिलं नाही.

दोन समांतर वाटांवर सारखे दोन व्हॉल्व्ह असतील तर इथंच पहिला सापळा आहे. ०.००३ गुणिले ०.००३, म्हणजे दहा लाखांत नऊ. फार छान दिसतं. पण दोन्ही व्हॉल्व्ह त्याच माणसानं, त्याच दुपारी, त्याच कागदावरून हाताळले तर पहिला विसरणारा दुसराही विसरण्याची शक्यता कितीतरी जास्त. थर्पमध्ये अवलंबनाच्या पाच पातळ्या आहेत: शून्य, कमी, मध्यम, जास्त, पूर्ण. "जास्त" धरली तर दुसऱ्याची संभाव्यता होते एक अधिक मूळ आकडा, भागिले दोन, म्हणजे जवळजवळ अर्धी. मग दोन्ही मिळून ०.००१५. आधीच्या उत्तराच्या दीडशेपटीहून जास्त. चाचण्या वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगळ्या चमूंकडून होतात का, हे देखभाल विभागाला विचारण्यात अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास आख्ख्या आठवड्याच्या गणितापेक्षा मोलाचा असतो.

नंतरच्या चुका: घड्याळ मांडा

तिसरा गट हा एचआरएचा गाभा. एक उदाहरण शेवटपर्यंत नेते. दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्टीत मुख्य आणि सहायक दोन्ही फीडवॉटर गेलं. स्टीम जनरेटर सुकत चाललेत. ऑपरेटरांनी आता रिलीफ व्हॉल्व्ह उघडून उच्च दाबाच्या पंपांनी थेट प्राथमिक वर्तुळात, म्हणजे अणुभट्टीच्या गाभ्यातून पाणी फिरतं त्या वाटेत, पाणी घालायचं, ज्याला सगळे फीड अँड ब्लीड म्हणतात.

समजा, तुमच्या थर्मल हायड्रॉलिक्सच्या (उष्णता आणि प्रवाहाचं गणित करणाऱ्या) गटानं सांगितलं की ट्रिपपासून ५० मिनिटांच्या आत हे सुरू झालं तर गाभा वाचतो. नवखा विश्लेषक ५० मिनिटं घेऊन थर्पच्या निदानाच्या तक्त्याकडे जातो. तिथं २० मिनिटांना ०.०१, ३० ला ०.००१, ६० ला ०.०००१. मधला आकडा साधारण ०.०००२ येतो. पण ऑपरेटरला ५० मिनिटं मिळतच नाहीत. प्रोसिजरमधली पातळीची खूण समजा विसाव्या मिनिटाला येते. त्याआधी त्याला फीड अँड ब्लीड करायला सांगणारं पॅनेलवर काही नाही. आणि प्रत्यक्ष कृतीला, म्हणजे किल्ली घेणं, व्हॉल्व्ह उघडणं, पंप चालू आहेत ना ते पाहणं, याला समजा पाच मिनिटं. उरली पंचवीस. पंचविसाला आकडा येतो साधारण ०.००३, पहिल्याच्या पंधरापट. शिवाय थर्पचे आकडे मध्यक आहेत. पीएसएत सरासरी लागते. या ठिकाणी एरर फॅक्टर, म्हणजे आकड्याची अनिश्चितता किती पटींची ते सांगणारा आकडा, १० आहे, त्यासाठी २.६६ नं गुणावं लागतं, म्हणजे ०.००८. हे रूपांतर विसरलेले अहवाल मी अजूनही पाहते.

ही पाच मिनिटं अंदाजानं लिहू नका. सिम्युलेटरवर मोजा, आणि कृती कंट्रोल रूमच्या बाहेरची असेल तर वाट चालून बघा. चालताना दिवे नाहीत, धूर आहे, असं मनात धरा. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा इथं टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि पहिल्या युनिटची वीज जवळजवळ सतरा तास पूर्ण गेली. कंट्रोल रूममध्ये धूर भरला. माणसांनी टॉर्च घेऊन वर चढून हातानं अणुविखंडन रोखणारं बोरॉन सोडलं, डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांना पाणी दिलं. ती माणसं यशस्वी झाली याचा मला आजही मनापासून आदर वाटतो. पण विश्लेषक म्हणून मी विचारते: टॉर्च कुठं ठेवलेल्या असतात? तो व्हॉल्व्ह हातानं फिरवायला किती जोर लागतो? दोन माणसं लागतात का, आणि रात्रपाळीला ती दोन माणसं असतात का? यातल्या एकाचं उत्तर "नाही" असेल तर आकडा शोधायचाच नाही, अपयशाची संभाव्यता एक.

ऑपरेटरशी बोलणं

माझ्या मते इथं जो वेळ घालवतो त्याचाच अहवाल वाचण्यालायक होतो. शिफ्टच्या प्रमुखाला आणि प्रशिक्षकाला घेऊन बसा, प्रोसिजर मध्ये ठेवा, घटना मिनिटामिनिटानं पुढे न्या. "तुम्ही हे कराल का?" असं विचारलंत तर "हो" मिळेल, कारण प्रोसिजरमध्ये ते लिहिलेलं आहे. त्याऐवजी विचारा: या क्षणी तुम्ही कोणता मीटर बघताय? फोनवर कोण आहे? बाहेर कुणाला पाठवलंय? ही पायरी टाळावीशी कधी वाटेल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला डेव्हिस-बेस्सीनं शिकवला. ओहायोतल्या या केंद्रात ९ जून १९८५ च्या मध्यरात्रीनंतर मुख्य फीडवॉटर गेलं. यंत्रणा आपोआप सुरू होण्याआधीच आपण करावं म्हणून एका ऑपरेटरनं चपळाईनं दोन बटणं दाबली. हवी होती कमी पातळीची, दाबली गेली शेजारची, कमी दाबाची. त्या बटणांचा अर्थ यंत्रणेच्या लेखी होता "दोन्ही स्टीम जनरेटरकडे वाफेची नळी फुटली", म्हणून तिनं दोघांकडचं सहायक पाणी तोडलं. चूक मिनिटभरात सुधारली, तरी व्हॉल्व्ह परत उघडेनात, आणि दोन्ही सहायक पंप अतिवेगानं ट्रिप झाले. माणसं कुलूपबंद दारं उघडत खाली धावली, हातानं व्हॉल्व्ह उघडले, पंप पुन्हा चालू केले. साधारण बारा मिनिटांनी पाणी परत आलं. तोवर दोन्ही जनरेटर सुकले होते.

त्या बारा मिनिटांत प्रोसिजरप्रमाणे फीड अँड ब्लीडची वेळ आली होती. शिफ्टच्या प्रमुखानं ते केलं नाही. त्याला सूचना ठाऊक होती. पण पाणी आता येतंच आहे असं त्याला दिसत होतं, आणि फीड अँड ब्लीड म्हणजे किरणोत्सारी पाणी कंटेनमेंटमध्ये, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत, ओतणं, नंतर महिनोन्महिने सफाई. म्हणून तो थांबला, आणि त्या रात्री त्याचा अंदाज खरा ठरला. मॉडेलमध्ये मात्र तुम्हाला ती रात्र धरायची आहे जेव्हा पाणी येत नाही आणि माणूस तितक्याच विश्वासानं थांबलेला असतो.

म्हणून या कृतीच्या पानावर मी नेहमी स्पष्ट लिहिते: अनिच्छा आहे, कारण अमुक, आणि ती कशानं मोडेल तेही. प्रोसिजरमध्ये "पातळी इतकी झाली की थांबू नका, सुरू करा" असं नेमकं वाक्य आहे का? सिम्युलेटरवर त्यांना हे प्रत्यक्ष करून घेतलं जातं का, की प्रशिक्षक पाणी आणून देऊन प्रसंग संपवतो? दुसरं असेल तर सराव नेमका थांबण्याचा होतोय.

पद्धत कोणती

यावर लोक फार वाद घालतात. मी थोडक्यात सांगते. लवकर आणि बऱ्यापैकी उत्तर हवं असेल तर आयडाहोच्या प्रयोगशाळेतून २००५ मध्ये आलेली स्पार-एच घ्या. निदानाला मूळ आकडा ०.०१, कृतीला ०.००१, आणि त्यावर आठ घटकांचे गुणक: वेळ, ताण, गुंतागुंत, अनुभव, प्रोसिजर, पॅनेलची रचना, शारीरिक तंदुरुस्ती, कामाची पद्धत. आपल्या उदाहरणात वेळ पुरेसा, ताण जास्त म्हणून दोन, गुंतागुंत मध्यम म्हणून दोन, लक्षणांवर आधारलेली प्रोसिजर म्हणून निदानाला अर्धा. निदान ०.०२, कृतीला ताण आणि गुंतागुंत धरून ०.००४. मिळून ०.०२४. थर्पच्या ०.००८ च्या तिप्पट. असा फरक पडतोच, घाबरू नका, पण दोन्ही आकडे का वेगळे आले ते एका परिच्छेदात लिहा. तीन किंवा जास्त घटक प्रतिकूल असतील तर नुसतं गुणू नका. ताण कमालीचा पाच, गुंतागुंत पाच, अनुभव कमी म्हणून दहा, की ०.०१ चे अडीच होतात, आणि अडीच ही संभाव्यता नसते. पद्धतीतच त्यासाठी दुरुस्तीचं सूत्र आहे, ते लावलं की ०.७२ येतं.

नॉर्वेतल्या हाल्डेनच्या सिम्युलेटरवर १४ चमूंना घेऊन अनेक पद्धतींची प्रत्यक्ष वर्तनाशी तुलना झाली. स्टीम जनरेटरची नळी फुटण्याचा एक प्रसंग सरळ होता, तर दुसऱ्यात आधी वाफेची वाहिनी फुटल्यामुळे किरणोत्साराची नेहमीची खूण दिसत नव्हती. सारखंच प्रशिक्षण घेतलेल्या चमूंच्या वेळा दुसऱ्या प्रसंगात चांगल्याच पांगल्या. पद्धत कोणतीही असो, प्रसंगाचं गुणात्मक वर्णन जिथं कच्चं तिथं अंदाज कच्चा, हा त्यातून निघालेला धडा मला माझ्या रोजच्या कामात पटतो.

गुणाकार करण्याआधी

इतकं सगळं करून शेवटच्या पायरीवर अहवाल बिघडतो तो इथं. सॉफ्टवेअर कटसेट काढतं आणि त्यात दोन-तीन मानवी चुका ओळीनं बसलेल्या असतात. ते बिचारं त्यांना स्वतंत्र धरून गुणतं.

समजा कटसेटमध्ये "सहायक फीडवॉटर पुन्हा सुरू करण्यात अपयश" ०.०५ आणि "फीड अँड ब्लीड सुरू करण्यात अपयश" ०.०२. गुणाकार ०.००१. आता डेव्हिस-बेस्सीचा तो प्रमुख आठवा. पहिलं काम लांबत असताना दुसरं तो ज्या कारणानं टाळतो, ते कारण पहिलंच काम आहे. दोन्ही निर्णय एकाच माणसाचे, एकाच खोलीत, एकाच खुणेवर, काही मिनिटांच्या अंतरानं. हे स्वतंत्र कसं? मध्यम अवलंबन धरलं तर दुसरा आकडा ०.१६ होतो आणि गुणाकार ०.००८. जास्त धरलं तर ०.५१ आणि ०.०२५. मी या जोडीला जास्त धरते. मध्ये नवा अलार्म आला, शिफ्ट बदलली, तांत्रिक सहायता केंद्रातून ताजी माणसं बोलू लागली, असं काही असेल तरच खाली उतरते, आणि ते "असं काही" वेळेच्या रेषेवर दाखवते.

एक व्यावहारिक अडचण. अशा जोड्या शोधायच्या कशा? नेहमीच्या आकड्यांनी मॉडेल चालवलं तर दोन-तीन लहान आकड्यांचा गुणाकार ट्रंकेशनच्या, म्हणजे सॉफ्टवेअर ज्याखालचे कटसेट टाकून देतं त्या मर्यादेच्या, खाली जातो आणि ती जोडी यादीत दिसतच नाही. म्हणून आधी तिसऱ्या गटातल्या सगळ्या मानवी चुकांना तात्पुरतं ०.५ किंवा त्याहून वर नेऊन मॉडेल सोडवा. आता ज्या जोड्या वर येतील त्या एकेक करून तपासा, अवलंबन ठरवा, मगच खरे आकडे परत घाला. हे काम कंटाळवाणं आहे. ते टाळू नका, गाभा वितळण्याच्या वारंवारितेत सगळ्यात मोठा बदल मी बहुतेक वेळा इथंच पाहिला आहे.

अमेरिकेच्या एनआरसीनं, म्हणजे तिथल्या अणु नियामक आयोगानं, २००५ च्या चांगल्या पद्धतींच्या दस्तऐवजात एक मर्यादाही सुचवली: एका कटसेटमधल्या सगळ्या मानवी चुका मिळून साधारण एक लाखात एकच्या खाली नेऊ नयेत. काही जण ही मर्यादा सगळीकडे डोळे मिटून लावतात आणि अवलंबनाचा विचारच सोडतात. ती तळाची फरशी आहे, विश्लेषणाची जागा ती घेत नाही.

केलेली चूक, न केलेली चूक

बहुतेक मॉडेलमध्ये ऑपरेटर काहीतरी करत नाही, एवढंच असतं. थ्री माइल आयलंडला इंजेक्शन कमी करणं आणि डेव्हिस-बेस्सीची ती दोन बटणं ही केलेली कृत्यं होती. सगळ्या संभाव्य चुकीच्या कृती मॉडेलमध्ये घालणं अशक्य आहे, पण शोध मर्यादित करता येतो. प्रोसिजरमध्ये चालू सुरक्षा यंत्रणा बंद करायला सांगणाऱ्या पायऱ्यांची यादी करा. प्रत्येकीपुढे विचारा: ही पायरी ज्या मीटरवर अवलंबून आहे तो मीटर कोणत्या परिस्थितीत खोटं सांगेल? त्या परिस्थितीत दुसरा मीटर खरं सांगत असेल का, आणि ऑपरेटर तो बघेल का? पॅनेलवर एकमेकांशेजारची सारखी दिसणारी बटणं वेगळी टिपा. या शोधातून एखादीच नवी घटना मॉडेलमध्ये येते, पण पॅनेलवर एखादी रेघ आखणं किंवा बटणावर झाकण बसवणं अशा सूचना हमखास निघतात.

काय लिहून ठेवायचं

प्रत्येक कृतीच्या पानावर प्रोसिजरचा क्रमांक आणि आवृत्ती, वेळेची रेषा, कुणाशी बोललात (हुद्दा पुरे), सिम्युलेटरवर काय पाहिलं, आकडा आणि त्याची अनिश्चितता. एरर फॅक्टरशिवाय आकडा देऊ नका.

मग सगळ्या कृती संभाव्यतेनुसार उतरत्या क्रमानं लावा आणि ती यादी आकडे झाकून प्रशिक्षकापुढे ठेवा. त्याला सगळ्यात अवघड वाटणारी कृती तुमच्या यादीत तळाशी असेल तर त्या पानाकडे परत जा. कधी त्याला तुमची वेळेची रेषा पटत नाही, कधी तुम्हाला माहीत नसलेली एखादी आड येणारी गोष्ट तो सांगतो. प्रोसिजरची नवी आवृत्ती आली की संबंधित पानं पुन्हा उघडा. फीड अँड ब्लीडची खूण नुसती पाच मिनिटं उशिरा सरकली तरी विचाराला पंचवीसऐवजी वीस मिनिटं उरतात, आणि त्याच तक्त्यात मूळ आकडा ०.००३ वरून ०.०१ वर जातो.